बंद यंत्राची भूक

“मामा, त्याने इंजिन बंद केलं होतं. तरीही दोन बोटं गेली. हे कसं काय?”

कॅलगरीहून भाच्याचा फोन आला तेव्हा भिलाईत रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि तिकडे सकाळचे नऊ. त्याच्या शेजाऱ्याला आदल्या संध्याकाळी दवाखान्यात नेलं होतं. दारातला बर्फ उडवायचं पेट्रोलचं यंत्र ओल्या बर्फाने तुंबलं, शेजाऱ्याने रीतसर इंजिन बंद केलं, हातमोजा घातलेला हात आत घातला आणि अडकलेला गोळा ओढला. गोळा निघाला, आणि त्याच क्षणी आतलं पातं फिरलं.

भाच्याने तसंच यंत्र आठवड्यापूर्वी जुन्या बाजारातून आणलेलं होतं, त्यामुळे तो हादरला होता. मी पोलाद कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढली. बर्फ म्हणजे माझ्या लेखी फ्रीजच्या वरच्या खणातली वस्तू. पण त्याचा प्रश्न बर्फाचा नव्हताच. यंत्र “बंद आहे” म्हणजे नेमकं काय, असा तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर भिलाईत पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दारातला दीड टन

भिलाईत बर्फ पडत नाही. डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत थिजलं की आम्ही थंडी पडली म्हणतो. पण १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार होऊन इथे कारखाना उभा राहू लागला. भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूरच होती. साहजिकच विदर्भातली बरीच मराठी मंडळी नोकरीसाठी इकडे आली. त्यांची मुलं सेक्टरांतल्या शाळांत शिकली आणि नातवंडं आता बर्फाच्या देशांत घरं घेऊन राहतात. त्यामुळे हल्ली आमच्या कॉलनीत स्नो ब्लोअर हा शब्द आजीसुद्धा सहज वापरते. कंपनीच्या पुस्तिकेत त्यालाच स्नो थ्रोअर म्हणतात.

यंत्र कशाला, फावडं पुरत नाही का, हा आजीचा पहिला प्रश्न. हिशेब मांडू. गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद धरा, म्हणजे साठ चौरस मीटर. रात्रीत वीतभरापेक्षा कमी, समजा पंधरा सेंटिमीटर बर्फ पडला, तर नऊ घनमीटर झाला. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नऊशे किलो. तोच जरा ओलसर असेल तर दीड टन सहज, आणि चांगलाच ओला असेल तर अडीच टनांच्या पुढे. एवढं वजन कामावर जायच्या आधी फावड्याने उचलायचं. शिवाय कॅलगरीत बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करणं नियमाने बंधनकारक आहे. नगरपालिकेचं मोठं यंत्र रस्ता साफ करताना आपल्या वाटेच्या तोंडाशी दगडासारखी बर्फाची भिंत रचून जातं, ते वेगळंच.

मळणीयंत्राचा चुलतभाऊ

हे यंत्र आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. कॅनडातल्या क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसाने ते १९२५च्या सुमारास बनवलं आणि १९२७ साली मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमों गावाला विकलं. त्याला ही कल्पना शेतातलं मळणीयंत्र पाहून सुचली, असं सांगतात.

भिलाईच्या टाऊनशिपमधून दहा-पंधरा मिनिटं बाहेर पडलं की धानाची शेतं लागतात. धान कापणीनंतर तिथल्या ब्याऱ्यात, म्हणजे आपल्या खळ्यात, थ्रेशर घुमत असतो. तो नीट पाहिला तर स्नो ब्लोअर अर्धा समजलाच. एका तोंडातून माल आत जातो, आत काहीतरी जोरात फिरतं आणि दुसऱ्या तोंडातून माल दूर फेकला जातो.

स्नो ब्लोअरमध्ये ही दोन कामं दोन भाग करतात. पुढच्या रुंद तोंडात आडवा मळसूत्री लोखंडी पट्टा असतो. त्याला ऑगर म्हणतात. तो सावकाश फिरतो, बर्फ फोडतो आणि दोन्ही बाजूंनी मधोमध आणतो. त्याच्या मागे पंखा असतो, तो इम्पेलर. तो वेगाने फिरून बर्फ वरच्या वळत्या नळकांड्यातून दूर भिरकावतो. लहान यंत्रात वेगळा पंखा नसतो, रबरी पात्यांचा ऑगरच बर्फ उचलतो आणि फेकतोही. भाच्याचं यंत्र दोन टप्प्यांचं होतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

थ्रेशरने आपल्याकडे इतके हात खाल्ले की १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा खास कायदा केला. त्यात धोकादायक यंत्र म्हणून नाव घेऊन सांगितलंय ते पॉवर थ्रेशरचंच. भारतीय मानकाप्रमाणे थ्रेशरला पेंढी सरकवायची पन्हाळ किमान नव्वद सेंटिमीटर लांब हवी आणि तिचा निम्मा भाग वरून झाकलेला हवा. नव्वदच का? आपला हात खांद्यापासून बोटापर्यंत मोजून पाहा. बहुतेकांचा पाऊण मीटरच्या आतबाहेर भरेल. पन्हाळ हातापेक्षा लांब असली की चूक करायची म्हटली तरी हात पात्यापर्यंत पोचत नाही.

स्नो ब्लोअरला अशी पन्हाळ लावता येत नाही, कारण त्याचं तोंड जमिनीवर उघडंच राहायला हवं. म्हणून त्याच्या अंगावर एक साधी प्लास्टिकची काठी अडकवलेली असते. तुंबलेला बर्फ तिने काढायचा. तीच त्याची पन्हाळ. जुनं यंत्र घेताना ही काठी जागेवर आहे का हे आधी बघा. भाच्याच्या यंत्रावर नव्हती.

गॅस बंद केला, शिट्टी बाकी आहे

आता मूळ प्रश्न. इंजिन बंद असताना पातं फिरलं कसं?

कुकर आठवा. शेगडी बंद केली म्हणून कोणी लगेच झाकण उघडत नाही. बाहेरची उष्णता थांबली, पण आत कोंडलेली वाफ तशीच आहे. ती उतरेपर्यंत कुकर बंद नाही.

इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत रबरी पट्ट्याने पोचते. पंखा ओल्या बर्फाने घट्ट जाम झाला तरी इंजिन क्षणभर ओढतच राहतं. पट्टा ताणला जातो, दांड्यांना किंचित पीळ बसतो. झोपाळ्याच्या दोऱ्यांना पीळ देऊन कोणी पाट धरून ठेवावा तसं. त्या अवस्थेत इंजिन बंद पडलं तर पीळ जातो कुठे? कुठेच नाही. बर्फाचा गोळा त्याला धरून बसलेला असतो. आपण गोळा ओढतो म्हणजे पाट सोडतो.

किती फिरत असेल पातं? पंख्याचा व्यास तीस सेंटिमीटर धरा आणि तो फक्त पाव फेरा फिरला असं समजा. पात्याचं टोक साधारण साडेतेवीस सेंटिमीटर सरकतं, म्हणजे बरोबर एक वीत. बोटांना तेवढं पुरतं.

इंजिन चालू असतानाचा हिशेब तर मांडायलाच नको, पण मांडतो. पंख्याचा वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. काहीतरी लागलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला निदान पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पंखा चार वेळा फिरून गेलेला असतो. “मी चपळ आहे” या वाक्याला इथे अर्थ नाही.

आमच्याकडे दुरुस्तीला हात लावायच्या आधी शटडाऊन घेतात. नवा पोरगा समजतो, स्विच पाडला की शटडाऊन झाला. तसं नाही. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, बाहेरून येणारी शक्ती तोडायची, आणि आपण आत असताना ती दुसरा कोणी जोडणार नाही याची सोय करायची. दुसरी, आत साठलेली शक्ती उतरवायची: दाब सोडायचा, लोंबतं वजन टेकवायचं, ताण सैल करायचा. पहिली सगळेच करतात. माणसं बऱ्याचदा जखमी होतात ती दुसरी विसरल्यामुळे. शेजाऱ्यानेही पहिलीच केली होती.

भाच्याला मी फोनवर कागद-पेन घ्यायला लावलं. तुंबलं की आधी हँडलवरचे दोन्ही लिव्हर सोड. ते दाबून धरलेले असतील तोवरच यंत्र चालतं, सोडले की ऑगर आणि पंखा पाच-एक सेकंदांत थांबायला हवा. थांबत नसेल तर ते यंत्र दुरुस्तीला टाक, वापरू नकोस. मग इंजिन बंद कर, किल्ली काढून खिशात ठेव. स्पार्क प्लगची टोपी ओढून बाजूला कर, म्हणजे ठिणगीच पडणार नाही. दहा आकडे मोज. फिरताना काही दिसत नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. आणि एवढं सगळं करूनही हात आत घालायचा नाही, काठी घालायची. पीळ सुटायचा तर काठीवर सुटू दे.

“मग टोपी-किल्ली कशाला, काठीच घालायची आहे की,” तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. काठी साठलेल्या ताकदीसाठी, किल्ली आणि टोपी नव्या ताकदीसाठी. दोन वेगळ्या वाटांनी येणारे चोर, म्हणून कुलपंही दोन.

फ्यूजमधली जाड तार

पुढच्या जानेवारीत मी स्वतः कॅलगरीत होतो. तिथे डोंगरावरून चिनूक नावाचा उबदार वारा येतो आणि काही तासांत हवा शून्याच्या वर नेतो. बर्फ भिजतो, मग पुन्हा गोठतो. यंत्र तुंबायला याहून चांगली हवा नाही.

भाचा वाट साफ करत होता, मी खिडकीत चहा घेऊन उभा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जुनं वर्तमानपत्र बर्फाखाली गोठून वीट झालेलं होतं. यंत्र त्यावर गेलं. “टक्” असा बारीक आवाज आला, आणि ऑगरची डावी बाजू फिरायची थांबली, उजवी चालूच. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले: लिव्हर सोड. त्याने सोडले, किल्ली काढली आणि मला दिसेल अशी खिशात टाकली.

तुटली होती ती शिअर पिन, पेन्सिलीपेक्षा लहान. ऑगर आणि त्याचा दांडा या पिनेनेच जोडलेले असतात. ती मुद्दाम कमजोर केलेली असते. दगड, लाकूड, गोठलेली वीट, काहीही अडकलं की पिन तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजचंच हे लोखंडी रूप.

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, काही जण तर स्वतःच्या आरशात. तीच माणसं कॅनडात जाऊन शिअर पिनेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला मजबूत बोल्ट घालतात. पुढच्या वेळी बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्स तुटतो. कंपनीने सांगितलेलीच पिन आणायची, आणि चार जास्तीच्या आणून ठेवायच्या, कारण ती तुटते रविवारी, दुकान बंद असताना. भाच्याच्या बायकोने त्या मसाल्याच्या डब्यातल्या एका रिकाम्या वाटीत ठेवल्या. शोधाव्या लागत नाहीत, हे तिचं म्हणणं बिनतोड होतं.

उणे वीसमध्येही पेटतं

थंडीत पेट्रोल कमी धोक्याचं असेल, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. तसं नाही. द्रवाची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी जमायला जे किमान तापमान लागतं, ते रॉकेलसाठी अडतीस अंशांच्या आसपास किंवा वर असतं. म्हणून स्टोव्ह पेटवताना आपल्याला काकडा लावून पंप मारावा लागायचा. पेट्रोलसाठी ते शून्याखाली चाळीसच्या आसपास आहे. कॅलगरीतल्या उणे वीसमध्येही पेट्रोलवर पेटणारी वाफ तयारच असते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून पेट्रोल भरायचं ते उघड्यावर, इंजिन थंड असताना, आणि टाकी काठोकाठ न भरता. मध्येच पेट्रोल संपलं तर थांबायचं. तापलेल्या सायलेन्सरवर दोन थेंब सांडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

सायलेन्सरवरून आठवलं. तिकडे त्याला मफलर म्हणतात. पुस्तिकेत “मफलर तापलेला असतो, हात लावू नका” असं वाचून आमच्या ताईने गळ्यातला मफलर चाचपून पाहिला होता. खरं तर गळ्यातल्या मफलरचा धोका जास्त आहे. शाल, ओढणी, लोंबती नाडी, यातलं काहीही फिरत्या ऑगरजवळ नको. थ्रेशरपाशी पदर खोचतात तो उगीच नाही. कानांवर आवाज अडवणारी टोपणं आणि डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

इंजिन चार स्ट्रोकचं असेल तर तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं, ते वेगळ्या जागी भरतात. तेल थंडीत वाहणारं हवं. आपल्या थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर काय होतं? तेच चुकीच्या तेलाचं इंजिनात होतं: चालू होताना जिथे ते पोचायला हवं तिथे पोचत नाही. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ. चोक म्हणजे हवेची वाट अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणं. ओल्या लाकडाच्या चुलीत आधी थोडं रॉकेल जास्त घालायचो, तसं. इंजिन तापलं की चोक काढायचा.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल भिलाईच्या माणसाला बोलताना आवाज खाली करावासा वाटतो. ब्लास्ट फर्नेसच्या वायूत पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. १२ जून २०१४ रोजी इथल्या कारखान्यात पाण्याच्या पंप हाऊसमध्ये वायुगळती झाली आणि सहा जण गेले. त्यात वरिष्ठ अधिकारीही होते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. तोच वायू पेट्रोल इंजिनाच्या धुरातही असतो. बाहेर थंडी आहे म्हणून गॅरेजमध्ये इंजिन “जरा गरम करून” घेणारे लोक मी पाहिले. दार अर्धं उघडं असतं, त्यांना वाटतं तेवढं बास. गॅरेजला लागून स्वयंपाकघर असतं. यंत्र आधी बाहेर ढकला, मग चालू करा. याला अपवाद नाही.

बाहेर आणण्यात आणखी एक फायदा आहे. उबेतून आलेल्या लोखंडाला लागून बर्फ वितळतो आणि तिथेच गोठतो. पाच-दहा मिनिटं यंत्र बाहेर थंड होऊ दिलं तर तुंबणं बरंच कमी होतं. तुंबणं कमी म्हणजे आत हात घालायचा मोह कमी.

बर्फ पडण्याआधी, पडताना आणि एप्रिलमध्ये

तयारीचं काम ऑक्टोबरचं. वाटेच्या दोन्ही कडांना उंच खुंट्या ठोका, बर्फाखाली कड दिसत नाही. पायपुसणं, खेळणी, पाण्याची नळी उचला. तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पायपट्ट्या असतात. फरशीवर त्या अशा बसवायच्या की तोंड जमिनीपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर राहील. खडीची वाट असेल तर तोंड बोटभर वर घ्या, नाहीतर यंत्र बर्फाबरोबर खडीही फेकेल, आणि खडी बर्फासारखी मऊ नसते. नळकांड्याचं तोंड कधीही माणसाकडे, खिडकीकडे, गाडीकडे नको. काम चालू असेपर्यंत मुलं घरात.

ओला, जड बर्फ असेल तर अर्ध्याच रुंदीचा घास घ्या आणि हळू चला. तोंडाशी रचलेली ती भिंत एका दमात फोडायची घाई हेच तुंबण्याचं पहिलं कारण. तीव्र उतारावर आडवं चालवू नका. काम संपलं की ऑगर मोकळा फिरवत दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे आतला उरलेला बर्फ उडून जाईल आणि सकाळी सगळं गोठलेलं सापडणार नाही.

एप्रिलमध्ये भाच्याचा पुन्हा फोन आला. आता यंत्र सहा महिने झोपणार, पेट्रोल टाकीत राहू द्यावं का? राहू देऊ नये. जुनं पेट्रोल कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रांत चिकट थर धरतं, आणि त्यात मिसळलेलं इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकी रिकामी करून उरलेल्या पेट्रोलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणालो. तेल बदल, पट्टा तपास, प्लग काढून बघ, पायपट्ट्या झिजल्या असतील तर उलट्या करून लाव. काढलेलं स्वच्छ पेट्रोल ताजं असेल तर गाडीत घाल.

“आणि ती काठी?” त्याने विचारलं. ती त्याने जानेवारीतच आणली होती, लाल रंगाची. आता दोन लोखंडी क्लिपांनी हँडलच्या खालीच बसवली होती, किल्लीच्या बरोबर शेजारी.